छोट्या ग्रुपसाठी स्वतःचा मेलिंग लिस्ट सर्व्हर: कुठल्या क्रमाने लावायचा आणि लोक कुठे चुकतात

मेलिंग लिस्ट, म्हणजे एका पत्त्यावर टाकलेला मेल सगळ्या मेंबरना पोचवणारी सोय, लावताना बहुतेक जण एकाच पद्धतीने अडकतात. आधी मेलमॅन (लिस्ट चालवणारं सॉफ्टवेअर) इन्स्टॉल करतात, ब्राउझरमध्ये पान दिसलं की खूष होतात, तीसचाळीस लोकांना ॲड करून टाकतात, आणि मग पहिलाच मेल निम्म्या लोकांच्या स्पॅममध्ये जाऊन बसतो आणि बाकीच्यांपर्यंत पोचतच नाही. मग डीएनएस (डोमेनच्या नावांची नोंदवही) उघडायचं, मग पीटीआर म्हणजे काय ते शोधायचं, आणि तोवर त्या आयपीवरून चारदा फेल झालेले मेल गेलेले असतात. हा क्रमच उलटा आहे. आधी आयपी, मग नाव, मग पोस्टफिक्स (मेल पाठवणारा आणि घेणारा प्रोग्रॅम), मग सही, मग मेलमॅन, आणि माणसं सगळ्यात शेवटी. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी एक तपासणी आहे, ती पास झाल्याशिवाय पुढे जायचं नाही, कारण मेलमध्ये मागच्या टप्प्यातली चूक तीन टप्पे पुढे वेगळ्याच रूपात दिसते आणि मग भलतीकडेच शोधत बसावं लागतं.

हे सगळं वीस ते दोनशे माणसांच्या ग्रुपसाठी आहे. सिस्टीम डेबियन १२, मेल सर्व्हर पोस्टफिक्स, लिस्ट सॉफ्टवेअर मेलमॅन ३. कमांडची आणि सेटिंगची नावं मी इथे देवनागरीत लिहिलीयेत, टाईप करताना अर्थात रोमनमध्येच करायची.

## सुरू करण्याआधी

सर्व्हर भाड्याने घेण्याआधी कंपनीला दोन प्रश्न विचारा, लेखी विचारा. बाहेर जाणारा पोर्ट २५ (सर्व्हर एकमेकांना मेल देतात तो रस्ता) उघडून मिळेल का? आणि पीटीआर रेकॉर्ड (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) बदलता येईल का? बऱ्याच व्हीपीएस (भाड्याचे व्हर्च्युअल सर्व्हर देणाऱ्या) कंपन्या पोर्ट २५ सुरुवातीला बंद ठेवतात, काही विनंती केल्यावर उघडतात, काही उघडतच नाहीत. पैसे भरून झाल्यावर हे कळण्यात काही अर्थ नाही. घरच्या ब्रॉडबँडवर लिस्ट चालवायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा, घरगुती आयपीच्या रेंजमधून थेट आलेले मेल मोठे सर्व्हर सहसा घेतच नाहीत.

रॅम २ जीबी धरा. मेलमॅन ३ म्हणजे एक प्रोग्रॅम नाही, कोअर वेगळा, पोस्टोरियस नावाचा वेब पॅनल वेगळा, हायपरकिटी नावाचं अर्काइव्ह (जुन्या मेलचा साठा) वेगळं, आणि खाली डेटाबेस. १ जीबीमध्ये ते सुरू होतं पण काही दिवसांनी मेमरी संपून मधलाच एखादा भाग मरतो आणि मेल गुपचूप अडकून राहतात.

मेन डोमेनवर लिस्ट लावू नका. सबडोमेन घ्या, म्हणजे ऑफिसचे किंवा संस्थेचे जे नेहमीचे मेल आहेत त्यांना धक्का लागत नाही. मी दोन नावं घेतो: मशीनचं नाव ‘मेल.तुमचंडोमेन’ आणि लिस्टचं डोमेन ‘लिस्ट्स.तुमचंडोमेन’. ही दोन्ही नावं एकच ठेवली की पाचव्या टप्प्यात पोस्टफिक्स गोंधळतं, म्हणून आत्ताच वेगळी करा.

आणि एका कागदावर चार गोष्टी लिहून काढा: लिस्ट चर्चेसाठी आहे की फक्त सूचनांसाठी, मॉडरेटर कोण, अर्काइव्ह सगळ्यांना दिसणार की फक्त मेंबरना, आणि रिप्लाय दाबल्यावर तो लिस्टला जाणार की लिहिणाऱ्याला. चौथ्यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात, म्हणून आधी ठरवा.

सावधान: नेटवर मेलमॅन २ च्या गाइड अजून खूप सापडतात. ते पायथन २ वर चालायचं, आणि पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला. गाइडमध्ये ‘न्यूलिस्ट’ नावाची कमांड दिसली की ते जुनं आहे, टॅब बंद करा.

## टप्पा १: आयपी तपासा

सर्व्हर मिळाला की काहीही इन्स्टॉल करायच्या आधी त्याचा आयपी स्पॅमहाऊसच्या (स्पॅम पाठवणाऱ्या आयपींची यादी ठेवणारी संस्था) साइटवर टाकून बघा. आधीच्या भाडेकरूने काय उद्योग केलेत ते तुम्हाला माहीत नसतं. आयपी त्या यादीत असेल तर काढून घेण्याच्या मागे लागू नका, सर्व्हर डिलीट करून नवीन घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. हेच दोन आठवड्यांनी, सगळं लावून झाल्यावर कळलं तर काय होतं ते मी भोगलंय.

मग पोर्ट २५. सर्व्हरवरून एखाद्या मोठ्या मेल सेवेच्या एमएक्स सर्व्हरला (म्हणजे तिचे मेल घेणाऱ्या सर्व्हरला) टेलनेट कमांडने पोर्ट २५ वर कनेक्ट करा.

तपासणी: ‘२२०’ ने सुरू होणारी ओळ आली तर रस्ता मोकळा आहे. कर्सर नुसता लुकलुकत राहिला आणि शेवटी टाइमआउट झाला तर पोर्ट बंद आहे, कंपनीकडे तिकीट टाका आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

## टप्पा २: नाव आणि डीएनएस

पाच रेकॉर्ड लागतात, पैकी चार डोमेनच्या डीएनएसमध्ये आणि एक दुसरीकडेच.

पहिला, ‘मेल.’ या नावाचा ए रेकॉर्ड, सर्व्हरच्या आयपीकडे. वेबच्या पानासाठी ‘लिस्ट्स.’ चाही ए रेकॉर्ड लागेल, तो त्याच आयपीकडे. मग ‘लिस्ट्स.’ चा एमएक्स, जो ‘मेल.’ या नावाकडे जातो. एमएक्समध्ये आयपीचा आकडा टाकायचा नाही आणि सीनेम (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारी नोंद) असलेलं नावही टाकायचं नाही. मग ‘लिस्ट्स.’ साठी एसपीएफ, तो टीएक्सटी प्रकारचा असतो आणि त्यात एवढंच: ‘व्ही=एसपीएफ१ एमएक्स -ऑल’. म्हणजे या डोमेनचा एमएक्स आहे तोच मेल पाठवेल, बाकी कोणी नाही. मेन डोमेनचा एसपीएफ सबडोमेनला आपोआप लागू होत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आणि एका नावाला एसपीएफ एकच, दोन असले की दोन्ही बाद.

पाचवा पीटीआर, म्हणजे आयपीवरून नाव. हा डोमेनच्या पॅनलमध्ये शोधत बसू नका, तिथे तो नसतोच. आयपी ज्याचा आहे त्याच्याकडे म्हणजे व्हीपीएस कंपनीच्या पॅनलमध्ये असतो, रिव्हर्स डीएनएस या नावाखाली. तिथे ‘मेल.तुमचंडोमेन’ पूर्ण टाका.

डीएनएस क्लाउडफ्लेअरवर असेल तर ‘मेल.’ समोरचा नारंगी ढग बंद करा. तो प्रॉक्सी वेबचा ट्रॅफिक नेतो, मेलचा नाही, ढग चालू असला की तुमच्याकडे एकही मेल येणार नाही आणि कारण कुठल्याच लॉगमध्ये सापडणार नाही, कारण तो मेल सर्व्हरपर्यंत आलेलाच नसतो.

आयपीव्ही६ चं काय? एकतर त्याचा पीटीआरही नीट लावा, नाहीतर पोस्टफिक्सला फक्त आयपीव्ही४ वापरायला सांगा. अर्धवट ठेवलंत तर काही मेल व्ही६ वरून जातात, पीटीआर नाही म्हणून परत येतात, आणि ‘कधी जातो कधी जात नाही’ असा प्रकार होतो, जो शोधायला सगळ्यात त्रासदायक.

तपासणी: ‘डिग’ कमांडने नावावरून आयपी बघा, मग त्या आयपीवरून नाव बघा. फिरून त्याच नावावर आलं पाहिजे. नाही आलं तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: फक्त पोस्टफिक्स

अजून मेलमॅनचं नावही काढायचं नाही. पोस्टफिक्स इन्स्टॉल करताना ‘इंटरनेट साइट’ निवडा. ‘मायहोस्टनेम’ मध्ये ‘मेल.तुमचंडोमेन’. ‘मायडेस्टिनेशन’ मध्ये लोकलहोस्ट आणि मशीनचं नाव एवढंच, लिस्टचं डोमेन तिथे चुकूनही टाकू नका. ‘मायनेटवर्क्स’ मध्ये फक्त स्वतःचं मशीन, म्हणजे १२७ ने सुरू होणारा पत्ता. इथे कोणी तरी ‘चालत नाही म्हणून’ सगळ्या जगाला परवानगी देऊन ठेवतं आणि रात्रीतून त्या सर्व्हरवरून हजारो स्पॅम जातात.

टीएलएस सर्टिफिकेट (कनेक्शन एन्क्रिप्ट करायला लागतं ते) लेट्स एन्क्रिप्टकडून घ्या. ते ९० दिवसांचं असतं, सर्टबॉट नावाचा प्रोग्रॅम ते आपोआप बदलतो, पण पोस्टफिक्सला नवीन फाइल उचलायला रीलोड करावं लागतं, तो हुक (आपोआप चालणारी कमांड) आत्ताच लावून ठेवा. आणि ‘रूट’ ला येणारे मेल तुमच्या रोजच्या पत्त्यावर वळवा, नाहीतर सर्व्हर ओरडत असतो आणि ऐकायला कोणी नसतं.

तपासणी: सर्व्हरवरून स्वतःच्या दोनतीन वेगवेगळ्या सेवांवरच्या पत्त्यांवर साधा मेल पाठवा. लॉगमध्ये ‘स्टेटस=सेंट’ दिसलं पाहिजे. ‘डिफर्ड’ दिसलं तर त्याच ओळीच्या शेवटी कंसात समोरच्या सर्व्हरचं उत्तर असतं, ते शब्द न् शब्द वाचा, नव्वद टक्के वेळा कारण तिथेच स्पष्ट लिहिलेलं असतं आणि लोक ते सोडून सेटिंग बदलत सुटतात. दुसरी तपासणी बाहेरच्या मशीनवरून: तुमच्या सर्व्हरला कनेक्ट होऊन तिसऱ्याच कुणाच्या पत्त्यावर मेल द्यायचा प्रयत्न करा. ‘रिले ॲक्सेस डिनाईड’ आलं म्हणजे बरोबर.

## टप्पा ४: डीकिम सही आणि डीमार्क

डीकिम म्हणजे जाणाऱ्या मेलवर तुमच्या डोमेनची सही. ओपनडीकिम वापरा, छोट्या लिस्टला पुरतं. की २०४८ बिटची करा. तिचा सार्वजनिक भाग डीएनएसमध्ये टीएक्सटी म्हणून टाकायचा असतो आणि इथे एक खड्डा आहे: टीएक्सटीच्या एका तुकड्यात २५५ अक्षरंच मावतात आणि ही की त्याहून लांब असते. काही पॅनल स्वतः तुकडे करतात, काहीत तुम्हाला अवतरणचिन्हं टाकून दोन तुकडे करावे लागतात, आणि काही पॅनल न सांगता शेपूट कापून टाकतात. सेव्ह केल्यावर ‘डिग’ ने वाचून मूळ फाइलशी शेवटची दहा अक्षरं ताडून बघा.

डेबियनवर पोस्टफिक्स स्वतःच्या बंदिस्त फोल्डरमध्ये चालतं, त्यामुळे ओपनडीकिमची सॉकेट फाइल त्याला दिसत नाही आणि कनेक्शन फेल होतं. फाइलच्या परवानग्यांशी झटापट करण्यापेक्षा लोकलहोस्टवर ८८९१ पोर्ट वापरा. पोस्टफिक्समध्ये मिल्टरची (मेल ओपनडीकिमसारख्या प्रोग्रॅमकडे नेणारी जोडणी) सेटिंग दोन ठिकाणी असते, एसएमटीपीवरून आलेल्या मेलसाठी एक आणि सर्व्हरवरच तयार झालेल्या मेलसाठी एक, दोन्हीत टाका.

मग डीमार्कचा रेकॉर्ड (एसपीएफ आणि डीकिम फेल झाले तर मेलचं काय करायचं ते समोरच्या सर्व्हरला सांगणारा), पॉलिसी ‘नन’ ठेवून आणि रिपोर्ट स्वतःच्या पत्त्यावर मागवून. पहिल्याच दिवशी ‘रिजेक्ट’ लावू नका. दोनतीन आठवडे रिपोर्ट बघा, सगळं पास होतंय असं दिसलं की मग कडक करा.

तपासणी: ‘लिस्ट्स.’ डोमेनचा पत्ता फ्रॉममध्ये टाकून जीमेलच्या एका पत्त्यावर मेल पाठवा, तिथे मेनूमधून मूळ संदेश उघडा. वरच्या टेबलमध्ये एसपीएफ, डीकिम, डीमार्क तिन्हींसमोर ‘पास’ हवं. दोन पास एक फेल हेही चालणार नाही.

## टप्पा ५: मेलमॅन

आता मेलमॅन. डेटाबेस म्हणून पोस्टग्रेस आधी लावा, एसक्यूलाइटवर सुरू करून नंतर हलवू असं म्हणणारे नंतर हलवत नाहीत. मग डेबियनचं ‘मेलमॅन३-फुल’ पॅकेज.

इन्स्टॉल सरळ होतं, अडकतं ते जोडण्यांमध्ये. कोअर आणि वेब यांच्यात बोलण्यासाठी पासवर्ड असतो, कोअर आणि हायपरकिटीमध्ये वेगळी की असते, आणि ही की दोन फाइलमध्ये तंतोतंत सारखी हवी. एखादी स्पेस जास्त झाली तरी मेल लोकांना पोचतात पण अर्काइव्ह रिकामं राहतं, आणि ते कळतं तेव्हा महिना गेलेला असतो. वेब पॅनलमध्ये साइटचं नाव सुरुवातीला नमुन्याचं असू शकतं, ते बदलून ‘लिस्ट्स.तुमचंडोमेन’ करा, नाहीतर कन्फर्मेशनच्या मेलमध्ये चुकीची लिंक जाते.

पोस्टफिक्सला मेलमॅनची ओळख करून द्यायला तीन ओळी लागतात: ‘ट्रान्सपोर्ट मॅप्स’, ‘लोकल रेसिपियंट मॅप्स’ आणि ‘रिले डोमेन्स’. तिन्ही मेलमॅनने बनवलेल्या फाइलींकडे बोट दाखवतात. पॅनलमध्ये आधी डोमेन ॲड करा, मग पहिली लिस्ट बनवा, मग त्या फाइली खरंच तयार झाल्यात आणि रिकाम्या नाहीत हे उघडून बघा.

इथे दोन एरर हमखास येतात आणि लोक त्यांची अदलाबदल करतात. बाहेरून लिस्टला मेल पाठवल्यावर ‘रिले ॲक्सेस डिनाईड’ आलं तर पोस्टफिक्सला हे डोमेन आपलं आहे हेच कळलेलं नाही, ‘रिले डोमेन्स’ ची ओळ बघा. ‘लूप्स बॅक टू मायसेल्फ’ आलं तर डोमेन आपलं आहे हे कळलंय पण मेल पुढे कुणाला द्यायचा ते कळलेलं नाही, म्हणून ते एमएक्स शोधतं आणि एमएक्स म्हणजे ते स्वतःच. ‘ट्रान्सपोर्ट मॅप्स’ ची ओळ बघा.

सावधान: कोअर ८००१ वर ऐकतं आणि पोस्टफिक्सकडून मेल ८०२४ वर घेतं. हे दोन्ही फक्त लोकलहोस्टसाठी आहेत. फायरवॉलमध्ये बाहेरून २५, ८०, ४४३ आणि तुमचा एसएसएच, बास.

तपासणी: ॲडमिन खात्याने पहिल्यांदा लॉगिन करताना पत्ता खरा आहे का बघायला मेल येतो. तो आला, लिंक बरोबर निघाली, लॉगिन झालं, म्हणजे वेब आणि मेल एकमेकांशी बोलतायत.

## टप्पा ६: लिस्टची सेटिंग

हा टप्पा सगळ्यात जास्त वेळ घेऊन करा, इथली डिफॉल्ट सेटिंग छोट्या ग्रुपला जशीच्या तशी बसत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, डीमार्क मिटिगेशन. लिस्ट मेल घेते, विषयात कंसात लिस्टचं नाव घालते, खाली फूटर चिकटवते आणि पुढे पाठवते. पण फ्रॉममध्ये मूळ माणसाचंच नाव राहतं. आता समोरचा सर्व्हर बघतो: फ्रॉममध्ये याहूचा पत्ता, मेल आला तुमच्या आयपीवरून, आणि याहूची डीकिम सही मजकूर बदलल्यामुळे तुटलेली. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आणि पाठोपाठ एओएलने आपल्या डोमेनवर डीमार्क ‘रिजेक्ट’ लावलं तेव्हा जगभरच्या लिस्टवर हेच झालं, एका याहूवाल्याने मेल टाकला की बाकीच्या मेंबरना जाणारे मेल बाउन्स व्हायचे, म्हणजे न पोचता परत यायचे, आणि बाउन्स मोजून मोजून लिस्ट निर्दोष मेंबरनाच बंद करायची.

उपाय: मिटिगेशनमध्ये फ्रॉम बदलून लिस्टचा पत्ता टाकण्याचा पर्याय निवडा आणि ‘विनाअट सगळ्यांना’ हेही चालू करा. मग फ्रॉममध्ये ‘अमुक व्हाया लिस्ट’ असं दिसतं, डोमेन तुमचं होतं, ओपनडीकिम त्याच्यावर सही करतं, आणि चौथ्या टप्प्यातली मेहनत इथे कामाला येते. काही जुन्या लोकांना ते ‘व्हाया’ आवडत नाही. मेल न पोचण्यापेक्षा ते बरं.

मेलची साइज मर्यादा सुरुवातीला ४० केबी असते. एक फोटो जोडला की मेल मॉडरेशनमध्ये अडकतो आणि पाठवणाऱ्याला वाटतं लिस्ट बंद पडली. १ ते २ एमबी करा, मोठ्या फाइलींसाठी लिंक पाठवायला सांगा. टू आणि सीसी मिळून दहा पत्ते झाले तरी मेल अडकतो, तेही माहीत असू द्या.

मेंबर नसलेल्यांचे मेल ‘होल्ड’ (मंजुरीसाठी अडवून) ठेवा, ‘डिस्कार्ड’ (न सांगता फेकून देणं) नको. लोक दुसऱ्या पत्त्यावरून लिहितात आणि डिस्कार्ड असेल तर त्यांना आणि तुम्हाला दोघांनाही काही कळत नाही. नवीन मेंबरचा पहिला मेल मॉडरेट करा. सबस्क्रिप्शनला ‘कन्फर्म, मग मॉडरेट’. अर्काइव्ह खासगी. लिस्ट-अनसबस्क्राइबचं हेडर मेलमॅन स्वतः घालतं, त्याला हात लावू नका.

## टप्पा ७: चार पत्त्यांवर चाचणी

स्वतःचे आणि एकदोन मित्रांचे मिळून चारपाच पत्ते घ्या, शक्यतो वेगवेगळ्या सेवांवरचे. साधा मेल, देवनागरी विषयाचा मेल, अटॅचमेंटचा मेल, रिप्लाय, मेंबर नसलेल्या पत्त्यावरून मेल, आणि अनसबस्क्राइब, हे सगळं करून बघा. प्रत्येकानंतर ‘मेलक्यू’ चालवा, रांग रिकामी व्हायला हवी. एखादा सर्व्हर नवीन पाठवणाऱ्याला मुद्दाम थोडा वेळ थांबवतो, पोस्टफिक्स स्वतः परत प्रयत्न करतं, त्याची डिफॉल्ट मुदत पाच दिवसांची असते. दहापंधरा मिनिटं डिफर्ड दिसलं म्हणून लगेच सेटिंग उपसू नका.

आणि हे लक्षात ठेवा, नाहीतर अर्धी रात्र जाईल: जीमेलवरून तुम्ही लिस्टला मेल टाकला तर लिस्टकडून परत आलेली तुमचीच प्रत जीमेल इनबॉक्समध्ये दाखवत नाही, कारण तो मेल तुमच्या सेंटमध्ये आधीच आहे. लोक याच्यावरून लिस्ट चालत नाही असं ठरवतात आणि चांगली चाललेली सेटिंग मोडतात. खरं काय ते दुसऱ्याच्या इनबॉक्समध्ये बघा.

## टप्पा ८: माणसं जोडणं

कुणालाही थेट ॲड करू नका, इन्व्हाइट पाठवा. ओळखीचे असले तरी. न विचारता आलेल्या मेलवर माणूस सहज ‘स्पॅम’ दाबतो, आणि छोट्या लिस्टमध्ये एकदोन जणांनी दाबलं तरी टक्का लगेच वर जातो. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केलेत, स्पॅमची तक्रार ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायला सांगितलंय. पन्नास जणांच्या लिस्टमध्ये ०.३ टक्के म्हणजे एक माणूससुद्धा नाही, हिशोब करून बघा.

एका दिवशी दहापंधरा जण, मग दोन दिवस थांबून पुढचे. नव्या आयपीला ओळख व्हायला वेळ लागतो.

बाउन्सचं काम मेलमॅन स्वतः करतं, स्कोअर ५ झाला की त्या मेंबरची डिलिव्हरी थांबवतं, आणि ७ दिवस नवा बाउन्स आला नाही तर जुना स्कोअर सोडून देतं. हे बंद करू नका. पण एकाच दिवशी एकाच सेवेवरचे बरेच मेंबर बंद झाल्याची सूचना आली तर दोष त्यांचा नाही, तुमच्याकडे काहीतरी मोडलंय, थेट लॉग उघडा.

## टप्पा ९: बॅकअप आणि देखभाल

रोजच्या बॅकअपमध्ये काय हवं: मेलमॅनच्या कोअरचा आणि वेबचा असे दोन्ही डेटाबेस, मेलमॅनचं डेटा फोल्डर, मेलमॅन, पोस्टफिक्स आणि ओपनडीकिमची सेटिंग, आणि डीकिमची खासगी की. शेवटची विसरतात. की हरवली तर नवीन बनवून डीएनएस परत बदलावं लागतं.

महिन्यातून एकदा आयपी ब्लॉकलिस्टवर नाही ना ते, सर्टिफिकेटची तारीख, ‘मेलक्यू’ ची लांबी आणि डिस्कची जागा बघा, दहा मिनिटं पुरतात.

बॅकअप चालतो का हे दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून बघायलाच हवं, पण आधी त्या मशीनचा बाहेर जाणारा पोर्ट २५ बंद करा. बॅकअपमध्ये रांगेत अडकलेले मेल आणि न गेलेले डायजेस्टही (बरेच मेल एकत्र करून पाठवलेला एक मेल) येतात, आणि रिस्टोअर केलेला मेलमॅन सुरू होताच ते पाठवायला घेतो. एका रविवारी माझ्याकडून हे झालं आणि सगळ्या मेंबरना तीन आठवडे जुनं डायजेस्ट दुसऱ्यांदा गेलं, तेही अशा आयपीवरून ज्याचा ना पीटीआर होता ना एसपीएफमध्ये नाव. पोर्ट बंद केलात, टेलनेटने बंद आहे हे बघितलंत, की मग रिस्टोअर सुरू करा.